मुलीकडची माणसं

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वानखडे काकू आल्या. चपला दारात काढताना एक पालथी पडली, तिकडे लक्ष नाही.
"महेशची चौकशी करून गेले काल."
आई पीठभरल्या हातांनी बाहेर. "कोण?"
"मुलीकडचे. अजून कोण?"

एक पुरुष, पन्नाशीचा. एक बाई, त्याहून बरीच लहान. मुलीचे काका आणि मोठी बहीण असावी, हा काकूंचा अंदाज. आमच्या समोरच्या दारात, म्हणजे काकूंकडे, बराच वेळ बसले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मुलगा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, कुठे कामाला, कधी जातो, कधी येतो, मित्र कसले, बाहेरगावी जातो का. काकूंनी भरभरून सांगितलं. "पोरगा हिरा आहे म्हटलं. मी काऊन कमी सांगू?"

आई आधी चिडली, त्यांना आमच्याकडे का नाही आणलं. मग तिचं तिलाच पटलं. "चौकशी कोण घरात करता? शेजारीच करतत."

खरं आहे. आम्ही लालबागला होतो तेव्हा माझ्याही चौकशा झाल्या. शेजारच्या मावशी सांगायच्या, मुलगी चांगली, पण वाचते फार. दोन स्थळं त्यावर गेली. नंतर मीच नको म्हणायला लागले. आता घाटकोपरच्या कॉलेजात मराठी शिकवते. वाचते फार.

तुळशीची लग्नं आत्ताच आटपली. "हंगाम लागलो," आई म्हणाली आणि परत कणकेकडे गेली. दिवसभर गुणगुणत होती.

१० नोव्हें.

आई मजल्यावर घरोघर जाऊन आली. तिचं म्हणणं, मुलीकडची माणसं दोनदा येतात. पहिल्यांदा ऐकायला, दुसऱ्यांदा तेच परत ऐकायला. दोन्ही वेळा एकच ऐकू आलं पाहिजे. म्हणून तिने सगळ्यांना वाक्यं दिली.

पलीकडच्या शिर्क्यांना सांगितलं: मोठ्या लोकांत ऊठबस आहे. वा. काकूंना: दुबईला जाऊन आलाय. आणि सगळ्यांना मिळून एक: त्याच्या शब्दाशिवाय एअरपोर्टवर पान हलत नाही.

मी म्हटलं, आई, तो सांताक्रूझला कार्गोत पार्सलांवर स्कॅनर फिरवतो.
"मगे? तेणा मशीन फिरवल्याबिगर पार्सल हलता काय?"
"नाही."
"मग मी खोटा काय बोललंय?"

हसले. कॉलेजात स्टाफरूममध्येही सांगितलं. सगळे हसले.

१३ नोव्हें.

महेशला कळलं. संध्याकाळी केस कापून आला.

सदतीस पूर्ण. मागच्या वर्षीच्या मुलीने विचारलं होतं, स्वतंत्र खोली आहे का. त्याआधीच्या मुलीच्या वडिलांनी बारावीचे मार्क विचारले. हा खरं सांगतो. नापास, दोनदा. आई त्याला टेबलाखालून पाय मारते, तरी सांगतो.

भांडी विसळताना शेजारी येऊन उभा राहिला. "ताई, कोण असेल गं?"
"मला काय माहीत."
"मुलुंडची असेल काय? तिकडे कार्गोतल्या सावंतची ओळख आहे. तो म्हणाला होता बघतो म्हणून."

खाडीकडून डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येत होता. खिडकी लावायला गेला आणि काचेत स्वतःच्या केसांकडे बघत राहिला.

१६ नोव्हें., रविवार

परत आले. आई जिंकल्यासारखी.

वा. काकूंकडेच बसले. आईने माझ्या हातात खोबऱ्याच्या वड्यांची बशी दिली, जा म्हणाली. गेले. पुरुष साधा, चष्मा, हात मांडीवर. बाई तिशीतली, कुर्ता, पायात स्पोर्ट्सचे बूट. बूट काढून आत आली नव्हती. आमच्याकडे हे खटकतं. खटकलं, आणि तिथेच राहिलं.

शिर्के आधीच येऊन बसलेले. मोठ्या लोकांत ऊठबस आहे, म्हणाले. काकू: "दुबईला जाऊन आला की." बाईने विचारलं, कधी? काकू गडबडल्या, माझ्याकडे बघितलं. मी बशी पुढे केली. "वडी घ्या ना."

तो दुबईला गेलेला नाही. एका एजंटाने नेतो सांगितलं, म्हणून पासपोर्ट काढला होता. एजंटच पळाला. हे मी तेव्हा सांगू शकत होते. स्थळाच्या चौकशीत असं कोणी सांगत नाही.

मग दोघांनी मिळून ते वाक्य म्हटलं, काकू आणि शिर्के, जवळजवळ एका सुरात. पान हलत नाही. पुरुषाने पहिल्यांदा मान वर केली.

आईला राहवलं नाही. वाटी परत करायच्या निमित्ताने आली. उभ्या उभ्या विचारलं, "मुलगी काय करता?" बाईने पुरुषाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शांत आहे. बँकेत आहे."
"उंची?"
"माझ्याएवढी."

आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय. त्यांनी गाव विचारलं नाही. पत्रिका विचारली नाही. सासू कशी आहे, हेही नाही. आईला म्हटलं तर म्हणाली, "शिकलेली माणसां ती. पत्रिका बघनत नाय."

२१ नोव्हें.

फोन नाही. आई मोबाईल उशाशी घेऊन दुपारची पडते. बाहेरच्या खोलीला नवे पडदे. बँकेत आहे म्हणजे पहाटे डबा लागेल, कोण करणार, याचा विचार चालू. "पहाटे मी उठान. तिका काय, नवी असतली." मुलगी घरात येऊन राहिल्यासारखी झालीय.

महेश जिन्यावरून शीळ वाजवत येतो.

मी पेपर तपासते. एका मुलाने उत्तराच्या शेवटी लिहिलंय, "बाकी आपणांस ठाऊक आहेच." अर्धा गुण दिला.

१ डिसेंबर, सोमवार

म. दुपारीच घरी. गेटवर पास लावला, लाल दिवा लागला. परत लावला, परत लाल. सुपरवायझर बाहेर आला आणि म्हणाला, वरून आलंय, घरी जा. काय आलंय ते सांगितलं नाही. पास ठेवून घेतला.

"मशीन बिघडला असतला," आई.
"मागचे सगळे गेले आत," म.

३ डिसें.

त्याला बोलावलं. पोलीस चौकीत नाही. अंधेरीला, स्टेशनपासून चालत. खाली दाताचा दवाखाना, वर सीएचे क्लास. मधल्या मजल्याला पाटी नाही. दिवे लागायच्या वेळेला परत आला. मारलं नाही, ओरडले नाहीत. एसी होता, थंडी वाजली म्हणाला.

आई मिक्सर लावत होती. तो मला गॅलरीत सांगत होता.

कार्गोतून काहीतरी स्कॅन न होता बाहेर जातंय. काय ते सांगत नाहीत. कोण पाठवतं ते शोधतायत, बरेच दिवस, गुपचूप. याच्या शेडमधल्या सगळ्यांची माहिती काढली. बाकीच्यांचं काही निघालं नाही.

"माझंच निघालं. दुबईला कधी गेलास विचारतात. गेलो नाही म्हटलं तर हसतात. मोठी माणसं कोण ओळखीची? मी म्हटलं, सावंत. तर परत हसतात." स्वतःही हसला. मग हसणं राहिलं. "आणि एक सारखं म्हणतात. तुझ्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही म्हणे. हे कुठनं आणलं गं त्यांनी? कोण बोलेल असं माझ्याबद्दल?"

मिक्सर बंद झाला. आई आतून म्हणाली, जेवूक येवा.

कुठनं आणलं ते मला कळलं. मी ताटं मांडली. त्याने भात चिवडला. आईला वाटलं पोट बिघडलंय, ओवा दिला.

४ डिसें.

कॉलेजात गेले. काय शिकवलं आठवत नाही.

ती बाई. मुलगी शांत आहे, बँकेत आहे. आम्ही तिला काय समजलो ते तिला कळलं होतं. कळल्यावर तिने आम्हाला तसंच समजू दिलं. सोपं गेलं असणार. असं कोण सांगतं एरवी, न विचारता, वडीसकट.

संध्याकाळी वा. काकूंना सांगितलं. त्या टीव्हीचा आवाज कमी करायला उठल्या होत्या, तशाच खाली बसल्या.
"अवं माय. म्हणजे ती मुलीकडची नव्हतीच?"
"नाही."
"मी तिला माझ्या भाच्याचंही सांगितलं ना पण. तुमच्याकडे दुसरी मुलगी असली तर बघा म्हटलं."

त्यांचा भाचा नाहूरला राहतो, कुरियरच्या कंपनीत आहे. टीव्हीवर जाहिरात चालू होती.

६ डिसें.

वा. काकू पहाटेच दादरला गेल्या, चैत्यभूमीला. दरवर्षी परत आल्या की आमच्याकडे येतात, तिथली पुस्तकं दाखवतात. आज आल्या नाहीत. दार लावल्याचा आवाज ऐकला.

म. दिवसभर आडवा. पंख्याकडे बघत.

८ डिसें., सोमवार

आईला सांगितलं. म. बाहेर गेला होता.

सगळं ऐकून घेतलं. मेथी निवडत होती, निवडणं थांबवलं नाही. मग विचारलं,
"मगे ती पोरगी?"
"मुलगीच नाही, आई."
"बँकेत आसा म्हणाली."
"खोटं सांगितलं."
"उंची सांगितल्यान गो. आपल्याएवढी म्हणाली."

तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, परत टाकल्या, परत गोळा केल्या. मुलाचा पास कशामुळे गेला हे तिने ऐकलं की नाही, मला समजेना. शेवटी म्हणाली, "बाबूक सांगू नको. माझा नाव सांगू नको."

बाबू म्हणजे महेश. लहानपणी म्हणायची. एवढ्यात ऐकलं नव्हतं.

१२ डिसें.

म.ला त्या माणसांनी एक नंबर दिला होता. मी फोन केला. "या," म्हणाले, इतकंच. काकू, शिर्के, मी. म.ला न सांगता. ठरलं असं, की जे बोललो ते खोटं होतं, कबूल करायचं आणि उठायचं.

तोच चष्म्याचा माणूस. खोलीत टेबल, तीन खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. वाईट वागला नाही. काकूंना आधी बसवलं.

काकू: "साहेब, आम्ही वाढवून सांगितलं. लग्नाचं वाटलं आम्हाला."
"काय वाढवून सांगितलं?"
"सगळंच."
शिर्के: "हो, सगळंच."
"म्हणजे आधी तिघांनी एक सांगितलं, आता तिघं मिळून दुसरं सांगताय."
"दोघांनी," मी म्हटलं. "मी काही सांगितलं नव्हतं."
"हो. तुम्ही वडी दिलीत." लक्षात होतं त्याच्या. "तेव्हा काय बोलायचं ते कोणी ठरवलं?"

काकू साध्या. "त्याच्या आईनं."
"आणि आज काय बोलायचं ते?"
काकूंनी माझ्याकडे पाहिलं. शिर्क्यांनीही.

त्याने लिहून घेतलं नाही. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. उठताना मला विचारलं, काय शिकवता. मराठी, म्हटलं. "मग तुम्हीच सांगा. मी कुठलं खरं धरू?"

खाली दवाखान्यात कोणाचं तरी मूल रडत होतं. शिर्के म्हणाले, "वाट लावली आपण त्याची. आधी एकदा, आता परत."

१५ डिसें.

कोणीतरी बातमी फोडली. शिर्क्यांनीच, बहुतेक. अख्ख्या बिल्डिंगला माहीत. फक्त आईचं नाव कोणी घेत नाही. तेवढी लाज राखलीय. म.ला एवढंच कळलंय, की कोणीतरी काहीतरी सांगितलं.

पॅसेजमधली दारं बंद. पूर्वी जाळीचं दार लावून आतलं सताड उघडं असायचं, कोणाची फोडणी जळली की चार घरांतून हाका. आता आतली दारंही लावतात. माझं पुस्तकांचं पार्सल परत गेलं. कुरियरवाल्याने शेजारी विचारलं, त्याला सांगितलं गेलं, इथे असं कोणी राहत नाही. पंधरा वर्षं राहतोय आम्ही.

१८ डिसें.

शिर्क्यांच्या रूपालीला बघायला मुलुंडचे लोक येणार होते. त्याआधी त्यांची माणसं चौकशीला आली. खरी माणसं. मुलाची आत्या आणि मामा. मजल्यावर चार दारं वाजवली. कोणी काही बोललं नाही. माहीत नाही. विचारलं नाही कधी. आम्ही कोणाच्यात नसतो. आत्या आमच्याकडेही आली. आईने दाराच्या फटीतून मान हलवली आणि दार लावलं.

मी आतून धावत आले, दार उघडलं, जिन्यात गेले. "मुलगी फार चांगली आहे हो." आत्या खालच्या पायरीवर. वर बघून म्हणाली, "मग सगळे असे का वागतायत?"

संध्याकाळी मुलुंडहून नकार. शिर्के वहिनी पॅसेजमध्ये उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या पोरीबद्दल दोन शब्द फुटेनात यांना! यांच्यासाठी आम्ही अंधेरीपर्यंत तंगडतोड केली." दार आपटलं. म. तेव्हा घरात नव्हता.

आई देवासमोर बसली होती. हललीही नाही.

२३ डिसें.

म.ने शोधून काढलं, कोण बोललं ते. चुकीचं.

सावंत. कार्गोतला, याचा एकुलता मित्र. दोघांचा डबा एकत्र. म.चं म्हणणं, पान हलत नाही हे सावंतच बोलू शकतो, त्याला असं फेकायची सवय आहे. काल त्याच्या घरी गेला, भांडुपला. त्याच्या बायकोसमोर नको ते बोलला. सावंत म्हणे नुसता बघत राहिला. "आईशपथ, मी काय नाय बोललो रे," एवढंच.

हे जेवताना सांगत होता. हात उष्टा, वाळलेला. "त्याचं तोंड बघणार नाही परत. बारा वर्षं एका ताटात जेवलो."

आई ताटात बघत होती. मी आईकडे. तिने पाण्याचा तांब्या उचलला, त्याचं भांडं भरलं. भरलेलंच होतं, सांडलं.

२४ डिसें.

आई सकाळी माझ्या खोलीत. नेसून तयार. नेहमीची नाही, ठेवणीतली साडी.
"माका थय घेवन चल."
"कुठे?"
"अंधेरीक. बाबूकय सांग येवक."
"त्याच्यासमोर?"
"तेच्यासमोरच."

फोन केला. सोमवारी या म्हणाले. आईने साडी बदलली नाही, संध्याकाळपर्यंत तशीच बसली.

२९ डिसें., सोमवार

आज. जमेल तेवढं लिहिते.

म.ला वाटत होतं आई साहेबांच्या पाया पडायला येतेय. रिक्षात दोनदा म्हणाला, "आई, पाया पडायचं नाही हां." ती रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर बघत.

चष्मेवाला होता. आज आणखी एक तरुण, लॅपटॉप घेऊन. आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. म. माझ्या शेजारी.

"साहेब, ह्या सगळां मी सांगलंय. शेजाऱ्यांका मी शिकवलंय. दुबई मी सांगलंय. पान हलना नाय, ता माझाच."

म.ने मान वळवली. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"हेचा एअरपोर्टावर कोण ऐकता? घरात मी ऐकनंय नाय. बारावी नापास. दोनदा. दुबईक एजंट नेतलो होतो, तो पळालो. दिसभर पार्सलांवर मशीन फिरवता, घराक येता, जेवता, निजता. मोठी माणसां खयची? एक सावंत आसा. तेकाय ह्यान गाळी घातल्यान. माझ्यामुळा."

तरुण टाइप करायचा थांबला होता. एकदा म्हणाला, "समजलं, आजी." ती थांबली नाही.

"तीन पोरींनी नाय म्हटल्यानी. का नाय म्हणतली? काय आसा तेच्याकडे? साधो आसा. खोटां बोलूक येना नाय. म्हणान मी तेका मोठो केलंय. नुसतो तोंडान."

म. भिंतीकडे. भिंतीवर काही नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल.

चष्मेवाल्याने पाण्याची बाटली उघडून पुढे केली. "आजी, हे आम्हाला पहिल्यांदाच सांगायचंत."
"पयल्यांदा सांगितलां असता तर पोरगी कोणी दिली असती?"

आईने पाणी घेतलं नाही. खोलीत सगळीकडे बघितलं, दाराकडेही.
"ती बाय खय आसा?"
"कोण?"
"तुमच्यावांगडा इल्ली ती. तिणा माका पोरगी सांगितल्यान."
"त्यांची बदली झाली."
"तिका सांगा, असां कोणाक सांगू नको."

उठलो. पास मिळेल का, मी विचारलं. ते आमच्याकडे नाही, म्हणाला. मग कोणाकडे? कंपनीकडे. कंपनी म्हणते वरून आलंय. "हो," तो म्हणाला. "प्रोसेस असते."

बाहेर आल्यावर म. पुढे चालायला लागला. आम्हाला रिक्षा करून दिली, स्वतः बसला नाही.

३० डिसें.

रात्री आला होता. सकाळी गेला. आईशी बोलला नाही, माझ्याशीही नाही. मला माहीत होतं हे त्याच्या लक्षात आलंय.

२ जानेवारी

घरात तिघं, तीन वेळांना जेवतो.

७ जाने.

सावंतचा फोन मला आला. त्याचा फोन म. उचलत नाही, स्वतःहून लावतही नाही. सावंत रागावलेला नव्हता, दमलेला. म्हणाला, "ताई, आमच्या शेडमधला एक जण गावी गेला होता, परत आलाच नाही. महेशला घरी पाठवला ना, त्याच दिवसापासून. आता तिकडे कुजबुज चालू आहे, तोच होता म्हणून. महेशला धरल्यावर सावध झाला आणि सुटला."
"हे तू साहेबांना सांगितलंस?"
"मी? नाय बाबा." मग म्हणाला, "मी कोणाबद्दल काय बोलणार नाय आता. चांगलं पण नाय."

म.ला सांगितलं. तो बूट पुसत होता. नोकरीचे काळे बूट, कुठे जायचं नसताना. "बरं," म्हणाला.

११ जाने.

म. नाहूरला औषधांच्या गोदामात जातोय, तात्पुरता. वा. काकूंच्या भाच्याने लावून दिलं. काकूंनी सांगितलं असणार त्याला, पण आमच्याकडे आल्या नाहीत. खोकी उचलायची. संध्याकाळी कंबर धरून येतो. आई तेल गरम करून वाटी त्याच्या खोलीच्या दारात ठेवते. सकाळी वाटी तशीच असते. ती तेल परत बाटलीत ओतते.

१४ जाने., संक्रांत

तीळगूळ घेऊन कोणी आलं नाही. आईने लाडू केले होते. मी डबा घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिले, चार बंद दारांसमोर. आत टीव्हीचे आवाज. परत आले.

रात्री पाहिलं तर डब्यात दोन लाडू कमी. म.ने घेतले की आईनेच, माहीत नाही. विचारलं नाही.

१९ जाने., सोमवार

कंपनीचा मेसेज. पासची पुन्हा पडताळणी होणार. दोन शेजाऱ्यांची नावं आणि फोन द्यावेत. आमची माणसं येऊन त्यांच्याकडे तुमच्याबद्दल विचारपूस करतील. कधी येतील ते कळवलं जाणार नाही. नावं न आल्यास पास रद्द समजावा.

म.ने मेसेज मोठ्याने वाचला. आई ऐकेल असा. जवळजवळ तीन आठवड्यांनी तिला उद्देशून पहिलं काही.

आई म्हणाली, "शिर्के देवचे नाय."
"नाही."
"वानखडेबाय..."
"आई, त्यांना काय सांगायला लावू?"
"माका इचारू नको रे बाबू." हात जोडले तिने. मुलासमोर. "माका इचारू नको."

तो उठला, तिचे हात धरून खाली केले. एवढंच. आत गेला.

२१ जाने.

शेवटी सावंतचं नाव देता येईल का, म.ने कंपनीला विचारलं. शेजारीच हवेत, म्हणाले.

२२ जाने., गुरुवार

संध्याकाळी म.ने शर्ट बदलला. पॅसेज ओलांडून वा. काकूंच्या दारासमोर उभा राहिला. मी आमच्या दारात. आई माझ्या मागे, दिसणार नाही अशी.

बेल वाजवली. खूप वेळ काही नाही. मग आतलं दार उघडलं. जाळीचं नाही. काकू जाळीआड. बारीक झाल्यात.

"काकू, तुमचं नाव देऊ का? विचारायला येतील माझ्याबद्दल. खरेच येतील या वेळी, कंपनीचे."

काकूंनी पदर सारखा केला. शिर्क्यांच्या दारामागे टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

"काय सांगायचं रे त्यांना?"
"जे आहे ते."

काकूंनी जाळी धरली. त्याच्याकडे पाहिलं, डोक्यापासून खाली, जसं एखाद्याला पहिल्यांदा बघावं तसं.

"म्हणजे काय ते सांग ना. जे आहे ते म्हणजे काय?"

म.ने तोंड उघडलं. मागून आईने माझा दंड घट्ट धरला.